नदी सरकली, पान राहिलं

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. तेव्हा वजनंसुद्धा दगडाची असत. एका राज्यात काष्ठौषधींचा मोठा व्यापारी होता. त्याचे दोन फेरीवाले गावोगाव औषधं विकत. नदीच्या उत्तरेची गावं एकाची, दक्षिणेची दुसऱ्याची. दोघांकडे एकेक वही असे. कोणाला काय दुखतं, कोणाला काय सोसत नाही, सगळं तीत लिहिलेलं.

एकाची वही दुसऱ्यानं उघडायची नाही, असा व्यापाऱ्याचा हुकूम होता. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघे पूर्वी हातघाईवर आले होते, म्हणून. हुकूम काही वेडेपणाचा नव्हता. मीही तोच दिला असता.

एका वर्षी महापूर आला आणि नदीनं पात्र बदललं. उत्तरेचं कुंभारांचं एक गाव दक्षिणेला गेलं, म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला आलं. त्यानं धर्मशाळेत पहिल्याला गाठलं आणि त्या गावापुरतं पान वाचून दाखवायची विनंती केली. पहिल्यानं वही मांडीखाली सारली.

"गाव तुझं झालं, बाबा. वही माझीच आहे. मालकांचा हुकूम ठाऊक आहे ना?"

दुसरा तसाच गेला. एका कुंभाराचे तळहात भेगाळले होते. त्याला यानं बिब्बा घातलेलं मलम दिलं. औषध उत्तम, पण बिब्बा एखाद्याला उततो. या कुंभाराला उतला. हात सुजले, फोड आले आणि ऐन माठांच्या दिवसांत, अख्खा उन्हाळा चाक बंद राहिलं.

व्यापारी स्वतः त्याच्या दारी गेला. बिब्बा सोसत नाही हे आधी सांगायचं नाही का, असं त्यानं जरा रागानंच विचारलं.

कुंभारानं चिंध्या बांधलेले हात पुढं केले. "सांगितलं होतं, शेटजी. तुमच्या पहिल्या माणसानं लिहूनही घेतलं होतं. आमचं गाव जागचं हललं नाही, नदी हलली. दुकान तर एकच ना? मग मी किती जणांना सांगायचं?"

व्यापाऱ्यानं दोघा फेरीवाल्यांच्या वह्या मागवून घेतल्या.

घरी येऊन त्यानं दोन्ही वह्यांची शिवण उसवली. दर गावाचं पान वेगळं केलं. ज्याच्याकडे गाव, त्याच्याकडे पान. बाकीच्यांनी त्यात डोकावायचं नाही. कुंभाराकडे वर्षभराचे दाणे पाठवले. ते त्यानं ठेवून घेतले, पण त्या दुकानाचं औषध पुन्हा कधी घेतलं नाही.

बोध असा: गावं कशीही वाटावीत, पण ज्याच्या हाती गाव सोपवलं, त्याच्या हाती त्या गावाची माहितीही सोपवावी.