एकविसावा दाणा

राईएवढी एक मुंगी होती. म्हणून तिचं नावच राई.

राई राहायची केतकीच्या घरी. पायरीखालच्या भोकात.

केतकीची शाळा घरातच होती. ओसरीवर फळा. फळ्यासमोर चटई. झाली शाळा! बाई कोण? आई. गुरुजी कोण? बाबा. घंटा कोण वाजवणार? आजोबा. ताटावर पळी. ठण् ठण् ठण्!

पण आता संक्रांत जवळ आली होती. घरात हलव्याचे दागिने व्हायचे. साखरेचे पांढरे काटेरी दाणे. दाण्यांचा हार. दाण्यांचा मुकुट. दाण्यांची कडी. दूरदूरच्या तान्ह्या बाळांना घालायला. मग काय, शाळाही चालू आणि हलवाही चालू. पाटीवर साखर. परातीत खडू. सगळा गोंधळ!

बाबा परातीत हलवा हलवत होते. खुळ्ळुक् खुळ्ळुक्. एक दाणा उडाला. टप्! राईसमोर पडला. त्याला एक काटा लांब होता.

बाबा हसले. "घे राईबाई. हा तुझा!"

राईने दाणा धरला. दाणा मोठा, राई छोटी. ओढ की ओढ, ओढ की ओढ. स्वयंपाकघर संपलं. ओसरी आली. चटईपाशी राई दमली. तिने दाणा खाली ठेवला. हुश्श!

तिथेच केतकी दाणे मोजत होती. "हे दहा. हे दहा." सगळे वाटीत टाकले. मग तिला राईचा दाणा दिसला.

"अरे, हा खाली पडला वाटतं!" आणि टुप्! तोही वाटीत.

"अगं, माझा!" राई ओरडली. पण राईएवढ्या मुंगीचा आवाज केवढा? राईएवढा.

आईने वाटी घेतली. दोऱ्यात दाणे गुंफले. गाठ, गाठ, गाठ. एक इवलंसं कडं झालं. त्यात राईचा दाणा! लांब काटा वर करून बसलेला.

आई म्हणाली, "आता एसटी आली की हे कडं जाईल खोक्यात. खोकं जाईल एसटीत. भुर्र!"

बाप रे! मग माझा दाणा? राई धावली. तुरुतुरु तुरुतुरु. आईच्या पदरावर चढली. खांद्यावर चढली. थेट कानापाशी गेली.

"आई गं आई, गाठ सोड ना.
दाणा मला मिळेना!"

आई म्हणाली, "दुसरा घे की."

"दुसरा नको. मला माझाच हवा!" राईने पाय आपटले. सहाच्या सहा.

"पण गाठ सोडायला दोन हात लागतात. एका हातात शंभूबाळ आहे. आत्ताच उठलाय. कडं खायला बघतोय. केतकी शंभूला घेईल, मग मी दाणा काढीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. केतकी चटईवर पालथी पडून पाटीवर लिहीत होती.

"केतकी गं केतकी, शंभूला घे ना.
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

"नाही घेणार जा! माझी बेरीज झालीय. कधीची झालीय. बाबा बघतच नाहीत. बाबा बेरीज तपासतील, मग मी शंभूला घेईन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा शेगडीपाशी होते. मांडीवर टॉवेल, नाकावर साखर.

"बाबा अहो बाबा, बेरीज तपासा ना.
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

"कसा उठू गं? परात थांबली की काटा थांबला. काटा नाही, मग तो हलवा कसला? ती नुसती गोळी! आजोबा परात घेतील, मग मी बेरीज तपासीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. आजोबा खिडकीत बसले होते. पेपर उलटा धरला होता.

"आजोबा अहो आजोबा, परात घ्या ना.
बाबा बेरीज तपासेनात,
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

"कोण बोललं? खुर्ची बोलली का?"

"मी राई! खाली बघा. आणखी खाली. आणखी खाली!"

"राई होय! अगं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. काल साखर म्हणून मीठ घातलं चहात. चष्मा मनीच्या पोटाखाली आहे. काढायला गेलो तर बोचकारते. मनी चष्मा सोडेल, मग मी परात घेईन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मनी मांजर उशीवर पसरली होती. पोटाखालून चष्म्याची एक काडी बाहेर.

"मने गं मने, चष्मा सोड ना.
आजोबा परात घेईनात,
बाबा बेरीज तपासेनात,
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

मनीने जांभई दिली. हाआऽऽ! राई उडाली आणि तीन कोलांट्या खाऊन पडली.

"म्याव! मी कशाला उठू? अंगणातलं ऊन माझं होतं. तिथे कोंबडी बसलीय. इथे चष्मा टोचतोय, पण ऊब आहे. कोंबडी ऊन सोडेल, मग मी चष्मा सोडीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. अंगणात कोंबडी पिसं फुगवून बसली होती. तिने मान तिरकी केली. एक डोळा राईवर रोखला. चोच उघडली.

"थांब थांब! मला खायचं नाही हं! आधी ऐकायचं.
कोंबडीताई, ऊन सोड ना.
मनी चष्मा सोडेना,
आजोबा परात घेईनात,
बाबा बेरीज तपासेनात,
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

कोंबडीने चोच मिटली. एवढं सगळं ऐकून ती खायचंच विसरली.

"पक् पक् पकाक्! मला अंडं घालायचंय. पण माझी टोपली शेळीने पळवली. आतला पेंढा खातेय बघ! शेळी टोपली सोडेल, मग मी ऊन सोडीन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेळीचं तोंड टोपलीत. नुसती शेपटी हलत होती.

"शेळीमावशी, टोपली सोड ना.
कोंबडी ऊन सोडेना,
मनी चष्मा सोडेना,
आजोबा परात घेईनात,
बाबा बेरीज तपासेनात,
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

शेळी टोपलीतूनच बोलली, "बेंऽऽ! सोडीन की. पेंढा काय गोड लागतो होय? पण पाला नाही ना कुठे. बोरीवर आहे, पण तो उंच. बोर पाला टाकेल, मग मी टोपली सोडीन."

राई निघाली. तुरुतुरु... तुरु... तुरु. आता पाय दुखायला लागले होते. सहाच्या सहा. कुंपणापाशी बोरीचं झाड उभं होतं.

राईने मोठा श्वास घेतला.

"बोरीबाई, पाला टाक ना.
शेळी टोपली सोडेना,
कोंबडी ऊन सोडेना,
मनी चष्मा सोडेना,
आजोबा परात घेईनात,
बाबा बेरीज तपासेनात,
केतकी शंभूला घेईना,
आई दाणा काढेना,
दाणा मला मिळेना!"

बोर म्हणाली, "मुळीच नाही टाकणार. पानं माझी, बोरं माझी, काटेही माझे. मला सांगणारं कोणी नाही. जा!"

राईने पुढे पाहिलं. पुढे कुंपण. कुंपणापुढे रस्ता. रस्त्यावर धूळ. आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात लांबून आवाज आला. पों पों!

एसटी!

राईला रडू आलं. एक थेंब आला. राईएवढा. तिने तो पुसला. मग तिने बोरीकडे वर पाहिलं. मग ती हळूच हसली.

"आता मीच बघते!"

राई बोरीवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. काटा आला, वळली. काटा आला, वळली. खोड संपलं. फांदी आली. फांदीच्या काखेत राई जाऊन बसली. आणि सहा पायांनी...

गुदुगुदु गुदुगुदु!

"अगं ए! काय करतेस?" बोर म्हणाली.

गुदुगुदु गुदुगुदु!

"नको नको! हीऽ हीऽ! तिथे नको! मला तिथेच फार गुदगुल्या होतात!"

गुदुगुदु गुदुगुदु गुदुगुदु!

"हीऽ हीऽ हीऽ! हा हा हा! टाकते, टाकते, टाकते!"

बोर गदागदा हलली. सळसळ सळसळ! पाला पडला. बोरं पडली. टपाटपा टपाटपा! पाल्याबरोबर राईही पडली. नेमकी शेळीच्या शिंगावर.

शेळीने पाला पाहिला. शेळीने टोपली सोडली.
कोंबडीने टोपली पाहिली. कोंबडीने ऊन सोडलं. बसली टोपलीत. पक् पक् पकाक्! अंडं!
मनीने ऊन पाहिलं. मनीने चष्मा सोडला. एक उडी आणि अंगणात.
आजोबांनी चष्मा घातला. "अरेच्चा, पेपर उलटा!" आणि गेले. आजोबांनी परात घेतली. खुळ्ळुक् खुळ्ळुक्.
बाबा उठले. बाबांनी पाटी घेतली.

पों पों! एसटी वळणावर आली.

राई शिंगावरून उतरून धावत ओसरीवर आली. "लवकर, बाबा!" ती म्हणाली.

बाबांनी वाचलं. "दहा आणि दहा... एकवीस? केतकी! दहा आणि दहा वीस!"

"नाही बाबा! मी दाणे मोजूनच लिहिलंय. इकडे दहा, तिकडे दहा. आणि एक खाली होता. झाले एकवीस!"

"खाली होता? कसा होता गं तो?"

"पांढरा. आणि एक काटा लांब."

बाबांनी राईकडे पाहिलं. राईने बाबांकडे पाहिलं.

"अगं केतकी, तो तर राईचा दाणा! मीच दिला होता तिला. कड्याला वीसच लागतात."

केतकीने जीभ चावली. पाटीवरचा एक पुसला. तिथे शून्य काढलं. वीस! बाबांनी मोठी बरोबरची खूण केली. फर्र!

केतकी उठली. तिने शंभूला घेतलं. शंभूने लगेच तिची वेणी तोंडात घातली.

आईचे दोन्ही हात मोकळे झाले. तिने गाठ शोधली. नखाने ओढली. सुटेना. पुन्हा ओढली.

पों पों पों! एसटी दारात.

"ओ ताई, खोकं आणा! मला पुढे जायचंय!" कंडक्टरकाका ओरडले.

"आले, आले! एक गाठ राहिलीय!"

"कसली गाठ?"

"मुंगीची!"

कंडक्टरकाका डोकं खाजवायला लागले. असं त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आईने दातात दोरा धरला. एक, दोन, तीन... सुटली! लांब काट्याचा दाणा निघाला. टप्! राईसमोर पडला.

"घे राईबाई. चुकलं हं आमचं."

आईने कडं पुन्हा बांधलं. वीस दाण्यांचं, अगदी नीट. कडं खोक्यात. खोकं एसटीत. एसटी गेली. भुर्र!

राईने दाणा धरला. ओढ की ओढ, ओढ की ओढ. या वेळी ती कुठे थांबली नाही. कुठे टेकली नाही. चटईपाशी तर अजिबात नाही! शंभू मागून रांगत आला. मूठ उघडली. राई सटकली! पायरी उतरली. भोकापाशी आली. दाणा आत ढकलला.

जाईना!

दाणा मोठा. भोक छोटं. काटे अडकले.

राईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बसली दारातच. एक काटा खाल्ला. कुटुम्. दुसरा खाल्ला. कुटुम्. तिसरा खाल्ला. कुटुम्. सगळ्यात शेवटी तो लांब काटा.

कुटुम्म्म्म्!

काटे संपले. दाणा गुळगुळीत झाला. राईने एक टिचकी मारली. गडगड गडगड! दाणा आत. दाण्यामागे राई आत.

आणि गोष्टीचं दार बंद. खट्!