टिकली मुंगीचा गरा

अंगणात एक फणस होता. फणसाखाली एक मुंगी राहायची. एवढुशी! कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

एकदा काय झालं? धप्प! झाडावरून पिकलेला फणस पडला. फुटला. गोड गोड वास सुटला. टिकली धावली. तुरुतुरु तुरुतुरु. तिने एक गरा धरला. ओढला. पण आतून आला चीक. पचक! गरा चिकटूनच बसला.

वारुळात धाकट्या बहिणी भुकेल्या. आणि गरा काही सुटेना! टिकलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं. आणि निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु. ओट्यावर होती भागीकाकी.

"काकी काकी, गरा सुटेना. सोडवून दे ना!"

"शी बाई! माझे हात चिकाने बरबटतील. आधी तेल आण. तेलाशिवाय फणसाला कोण हात लावतं?"

तुरुतुरु तुरुतुरु. फळीवर होती तेलाची बुधली.

"बुधली बुधली, गरा सुटेना, काकी हात लावेना. तेल दे ना!"

"मी? आपणहून कलंडू? घरंदाज बुधली आहे मी! बोक्याने ढकललं, तरच."

तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपाशी होता बोका.

"बोकोबा बोकोबा, गरा सुटेना, काकी हात लावेना, बुधली कलंडेना. ढकल ना!"

"आळशी नाही हं मी," बोका झोपूनच म्हणाला. "पण दुधाशिवाय माझी मिशीसुद्धा हलत नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गोठ्यात होती शेळी.

"शेळीताई शेळीताई, गरा सुटेना, काकी हात लावेना, बुधली कलंडेना, बोका उठेना. दूध दे ना!"

"बें! सुक्या गवतावर दूध येतं होय? फणसाचा हिरवा पाला आण. मी फार साधी आहे गं. मला एवढंच लागतं."

तुरुतुरु तुरुतुरु. टिकली आली फणसाच्या झाडापाशी.

"फणसदादा फणसदादा, गरा सुटेना, काकी हात लावेना, बुधली कलंडेना, बोका उठेना, शेळी दूध देईना. पाला दे ना!"

"माझ्याएवढं मोठं फळ आहे कुणाचं? तेही खोडाला लटकलेलं! माझं लाकूड बघ, पिवळंधमक! आणि मी मुंगीसाठी पानं गाळू? आधी मुळाशी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु. पाटात होतं पाणी. अडलेलं.

"पाणी पाणी, गरा सुटेना, काकी हात लावेना, बुधली कलंडेना, बोका उठेना, शेळी दूध देईना, फणस पाला देईना. धाव ना!"

"धावेन गं. पण वाटेत बेडूकराव बसलेत. एवढ्या मोठ्यांना 'सरका' कसं म्हणायचं?"

तुरुतुरु तुरुतुरु. पाटाच्या तोंडाशी होता बेडूक. गलेलठ्ठ!

"बेडूकराव बेडूकराव, गरा सुटेना, काकी हात लावेना, बुधली कलंडेना, बोका उठेना, शेळी दूध देईना, फणस पाला देईना, पाणी धावेना. सरका ना!"

बेडकाने पोट फुगवलं. "डरांव! मी बसलोय. बसणं हेच माझं काम. आणि मुंग्या मी न्याहारीला खातो!"

लप्पकन जीभ बाहेर आली. टिकली पानाखाली लपली. मग तिला बहिणी आठवल्या. ती हळूच मागून गेली. आणि बेडकाच्या ढुंगणाला चावली. कडकडून!

"आई गं!" टुणुक! बेडूक उडाला.

पाणी धावलं, खळखळ. फणसाने पाला दिला, सळसळ. शेळीने तो खाल्ला, करकर. दूध आलं, चुरचुर. बोका दूध प्याला, लपलप. उठला. बुधलीला ढकललं. ढप्प! तेल सांडलं, भळभळ.

"अगं बाई, माझं तेल!" काकी धावली. हात तेलाने माखले. "आता माखलेच आहेत, तर सोडवते गरा."

सुळकन! गरा सुटला.

मग काय! सगळेच ओरडले.

"मी हात लावला म्हणून!" काकी म्हणाली.

"मी कलंडले म्हणून!"

"मी उठलो म्हणून!"

"मी दूध दिलं म्हणून!"

"मी पाला दिला म्हणून!"

"मी धावलं म्हणून!"

"मी सरकलो म्हणून!" बेडूक म्हणाला. ढुंगण चोळत.

टिकली वारुळाकडे निघालीसुद्धा. तिच्या तोंडात गरा होता.

बहिणी धावत आल्या. हैशा! हैशा!

गरा गेला वारुळात,
बढाई उरली अंगणात!