आडवं चाक

“...पण कल्पना ज्याची, वस्तू त्याचीच ना, बाई?”

घैसासबाई पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा विश्राम नातू. बाई अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायच्या, तेव्हाचा त्यांचा हुशार विद्यार्थी. आता स्वतःची कंपनी होती, नाव होतं. निवृत्तीनंतर बाई सासवडला राहायला गेल्या होत्या. तिथे तो आज मुद्दाम आला होता.

त्यानं पिशवीतून एक लाकडी ठोकळा काढून टेबलावर ठेवला. खाली दोन चाकं, वर एक बटण, मागे वायर. कॉलेजात असताना त्यानं आणि त्याचा वर्गमित्र ताहेर काचवाला यानं मिळून केलेला कॉम्प्युटरचा माउस. खरा माउस तेव्हा दोघांनीही पाहिला नव्हता. एका मासिकातलं चित्र तेवढं पाहिलं होतं.

“हा संग्रहालयात ठेवणार आहेत,” विश्राम म्हणाला. “खाली पाटी लागेल. हा मी केला, असं तुम्ही लिहून दिलंत की झालं.”

“आणि ताहेर?”

“त्यालाही नाव हवंय. लाकूड तासलं म्हणून.”

“बोललास त्याच्याशी?”

“...वकील बोलतायत.”

बाईंनी आणखी एक शेंग सोलली.

“जगातला पहिला कुणी केला रे?”

हा प्रश्न विश्रामला आवडला. “अमेरिकेत, एका संशोधन संस्थेत. कल्पना एकाची. दुसऱ्यानं ती लाकडात उतरवली. पेटंट पहिल्याच्या नावावर.”

“आणि पडद्यावरच्या त्या खिडक्या, ती चित्रं?”

“ती पुढे आली. ते काम दुसऱ्या प्रयोगशाळेतलं. घरोघरी विकलं ते आणखी तिसऱ्यांनी.”

“मग त्या पहिल्याला काय मिळालं?”

“फारसं काही नाही.” तो जरा पुढे सरकला. “म्हणूनच म्हणतो, बाई. पाटी हवी.”

बाईंनी ठोकळ्याकडे पाहिलं. “चालतो का अजून?”

विश्राम हसला. त्यानं लॅपटॉप उघडला, मधे एक छोटी डबी जोडून वायर लावली. ठोकळा सरकवला. पडद्यावर बाण हलला.

“पहिल्यांदा हलला ना, तेव्हा ताहेर माझ्या गळ्यातच...”

तो थांबला. बाण एका जागी उभा राहिला.

“तिरका कसा जातो हा?” बाईंनी विचारलं.

“एक चाक वर-खाली मोजतं. दुसरं आडवं मोजतं. दोन्ही एकदम फिरली, की तिरका जातो.”

“तू कुठलं बसवलंस?”

“वर-खालीचं.”

“आणि आडवं?”

“...ताहेरनं. पण मी सांगितलं तसं.”

बाईंनी पदराला हात पुसले. ठोकळा उचलून उलटा केला, आडवं चाक चिमटीत धरलं आणि सावकाश आसावरून ओढून काढलं. विश्रामचा हात पुढे आला, अर्ध्यावर थबकला.

चाक त्यांनी सोललेल्या पावट्यांच्या ताटलीत ठेवलं. ठोकळा पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. तो किंचित कलला होता.

“चालव.”

विश्रामनं ठोकळा पुढे ढकलला. बाण वर गेला. मागे ओढला. बाण खाली आला.

मग त्यानं तो उजवीकडे सरकवला. लाकूड टेबलावर खरखरलं. बाण हलला नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र होतं. तिथवर न्यायचा म्हणून त्यानं पुन्हा जोर लावला. डावीकडे, उजवीकडे. बाण आपला मधल्या रेषेवर वर-खाली, वर-खाली.

त्यानं हात काढून घेतला.

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

“पाटी केव्हा लागणार?”

“उद्या,” तो हळूच म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं.

“सांग, काय लिहायचं? आता हा तुझ्या एकट्याचा झाला.”