दोन हातांचं दार

हे दार नीट बघा. फोटो काढायला हरकत नाही, हात मात्र लावू नका. एकाच फणसाच्या खोडातून काढलेल्या तीन फळ्या आहेत, आणि सबंध दारात लोखंडाचा खिळा एकही नाही. कडी नाही, कुलूपही नाही. चौकटीच्या वरच्या अंगाला ही एक जागा हात लागून गुळगुळीत झालीय, आणि खाली उंबऱ्यापाशी ही दुसरी. आत आमच्या सातेरीदेवीचे लाकडी मुखवटे असतात. शिमग्याला ते पालखीत बसतात, एरवी वर्षभर देवळातल्या या दगडी खोलीत. असं दार आंबेखोलाबाहेर कुठे नाही, आणि नाही तेच बरं.

मी वासुदेव मेस्त्री. सुतारकी आमच्या घरात किती पिढ्यांची, ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. दार केलं ते आमच्या मूळपुरुषाने, धाकू मेस्त्रीने. त्याने जोडलेल्या सांध्यातून केस जात नसे, असं सांगतात. गावातले पाळणे, पलंग, नांगर, सगळं त्याच्या हातचं. एका वर्षी मुखवटे चोरीला जाता जाता वाचले, तेव्हा गावाने त्याला सांगितलं, चोराने नुसतं बघत बसावं असं दार कर. त्याने केलं. ओढून घेतलं की आतला अडसर आपोआप पडतो, आणि उघडता येतं ते फक्त बाहेरून. वर एक पट्टी दाबायची, खाली एक तुकडा सरकवायचा. त्यांची नेमकी जागा आणि रीत कळल्याशिवाय उपयोग नाही. धाकू चांगला उंच, तो हाताने वरचं आणि पायाने खालचं एकटाच करायचा, म्हणे.

त्याला दोन मुलगे. थोरला सोमा, धाकटा तानू. दोघेही हाताचे चांगले आणि तोंडाचे वाईट. आपण गेलो की दोन चुली होणार, हत्यारंसुद्धा वाटली जाणार, हे म्हाताऱ्याला दिसत होतं. म्हणून दसऱ्याला हत्यारांची पूजा झाल्यावर त्याने सोमाला एकट्याला इथे आणून वरची खूण शिकवली, आणि तानूला एकट्याला आणून खालची. लाकूड तासायच्या वाकसावर हात ठेवायला लावून दोघांकडून देवीची शपथ घेतली, की आपली खूण भावाला सांगायची नाही, दाखवायची नाही. मोडली तर देवी वंश ठेवणार नाही. एकमेकांवाचून अडलं म्हणजे तरी एकत्र राहतील, असा बापाचा विचार. दोन्ही खुणा एकाच वेळी करायच्या असतात, हे मात्र त्याने दोघांनाही सांगितलं नाही. ते शेवटी सांगणार होता म्हणे. मला विचाराल तर म्हातारा घाबरला होता. सगळं देऊन टाकल्यावर त्याला विचारणार कोण?

पुढच्या शिमग्याच्या तोंडावर एका मुखवट्याच्या कानाला कीड लागलेली दिसली. भर दुपारी धाकू आत बसून ती कोरून काढत होता. दाराला दगड लावलेला होता. तो दगड कसा सरकला ते कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं वाऱ्याने, कोणी म्हणतं देवळात शिरलेल्या वासराने. जुनी माणसं तिसरंच सांगतात. जिच्या नावाने शपथ घातली, तिनेच दार ओढून घेतलं.

अडसर पडला. खोलीला खिडकी नाही, आणि दाराला वारा जाईल एवढी फट नाही. काम इतकं चोख केलं होतं त्याने.

गुरवाने आतले ठोके ऐकले आणि मुलांना बोलावणं धाडलं. सोमाने तानूला देवळाबाहेर घालवून वरची पट्टी दाबली. दार हललं नाही. मग तानूने सोमाला बाहेर काढून खालचा तुकडा सरकवला. दार हललं नाही. मग दोघांची जुंपली.

"तू चुकीचा करतंस!" सोमा ओरडला.

"बाबांनी माका खरा सांगितल्यानी, तुका फसवल्यानी," तानू म्हणाला.

आतून ठोके येतच होते. एक वरून, एक खालून, दोन्ही एकदम. थांबून पुन्हा दोन्ही एकदम. बाप काय सांगतोय ते ऐकायला दोघांपैकी एकही गप्प बसला नाही. शेवटी कुऱ्हाड आणली, तर गुरव आडवा आला. देवीच्या दारावर घाव घालायचा तर तिला विचारायला हवं. कौल लावला, तो डावा आला, म्हणजे देवी नाही म्हणाली. पुन्हा लावला, पुन्हा डावा. तोवर ठोके विरळ होत चालले होते.

एवढ्यात मुलांची आई शेवंती शेतावरून धावत आली. काय झालं ते तिने ऐकून घेतलं आणि दोघांच्या दंडाला धरलं.

"मेल्यांनू, तेंनी एकामेकाक सांगू नको म्हटल्यानी. एकत्र हात लावू नको, असा कधी म्हटल्यानी?"

तिने आपला पदर दोघांच्या मधे धरला. सोमाने वर दाबलं, तानूने खाली सरकवलं, आणि दार आवाजही न करता उघडलं. धाकू आत दाराला टेकून बसला होता, तो उंबऱ्यावर कलंडला. एका हातात लाकडी हातोडी, दुसऱ्या हातात पटाशी. अंग अजून गरम होतं, असं सांगतात.

बापाचे दिवस झाल्यावर दोघे भाऊ गुरवाच्या पायाशी बसून रडले. आम्हांला या शपथेतून सोडव म्हणाले. गुरव म्हणाला, शपथ घालणाऱ्यानेच ती सोडवायची असते. आणि तो तर गेला होता.

आजही शिमग्याला हे दार दोन माणसं उघडतात. वर थोरल्याच्या घरचा, खाली धाकट्याच्या घरचा. मधे गुरव पंचा धरतो, लग्नात अंतरपाट धरतात तसा, आणि शिवाय दोघे डोळेही मिटतात. मी थोरल्याच्या घरचा. बेचाळीस शिमगे वरची पट्टी मी दाबली आणि एकदाही खाली बघितलं नाही. माझा मुलगा कुडाळला कारखान्यातले पलंग विकतो, त्याला रंधा धड धरता येत नाही, पण वरची खूण येते. धाकट्याच्या घरात मात्र दिगंबर एकटाच उरला होता. मूलबाळ नाही. मार्गशीर्षात तो अंथरुणाला खिळला, आणि त्याने मला दोनदा निरोप धाडला, एकदा येऊन जा. कशाला बोलावतोय ते मला कळलं होतं. ऐकलं असतं तर शपथ मोडली असती, आणि घरात नातवंडं खेळतात. मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तो वारला.

परवा गावाने कौल लावला, दार फोडावं का म्हणून. डावा आला. शिमग्याला बारा दिवस आहेत आणि देव आत आहेत. लोक म्हणतात, वासुदेवाने शब्द राखला. मी रोज सकाळी येतो, एकटाच वरची पट्टी दाबून बघतो, आणि मला माझीच लाज वाटते. दिगंबरचं घर इथून दिसतं, ते बघा, त्या माडांच्या मागे. चालत पाच मिनिटं लागतात.