नांदखारची गोजरकी

पिठोरी अमावास्या, भर दुपार, भरतीची वेळ. नांदखारचा खाडीकडचा बांध फुटला, त्याला खांड पडली. साल कोणतं, ते गावात कुणाला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून नांदखारमध्ये शौर्याला गोजरकी म्हणतात. विहिरीत पडलेल्या वासरामागे उडी घेणाऱ्याने गोजरकी केली. दारूच्या गुत्त्यासमोर जी एकटी जाऊन उभी राहिली, तिनेही गोजरकी केली. भांडणातून पळून आलेल्याला घरचेच ऐकवतात, ‘तुज्यात गोजरकी नाय.’ निवडणुकीच्या कमानीवरही हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवतात. तो आला कुठून, हे मात्र कमानीवर लिहीत नाहीत.

ते धाकलीआय म्हात्रे सांगते. वय ऐंशीच्या पुढे. बांध पाहायला आलेल्यांना ती खाडीच्या बाजूचा फुगवटा दाखवते. एरवी सरळ गेलेला बांध तिथेच पोट काढल्यासारखा बाहेर आला आहे.

गोजरी म्हणे म्हात्र्यांची सून. नवरा मचव्यावर, त्यामुळे त्या वर्षीची सगळी लावणी तिने एकटीने केली होती. भात पोटरीला आलं होतं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे दाणा पिकत नाही. खांडीत टाकलेली चिखलाची प्रत्येक पाटी पाणी वाहून नेत होतं. कुणीतरी आत उतरून आडोसा धरायला हवा, हे बांधावरच्या सगळ्या पुरुषांना कळत होतं. कुणाच्या गुडघ्यात कळ होती, कुणाची पोरं लहान होती.

“वयनी, तू घरा जा,” दीर चांग्या म्हणाला. “बांधाचा आमी बघताव.”

“बघतावच ना कवापासून.”

गोजरी घरी गेली ती दार उचकटून घेऊनच परतली. ते खांडीत आडवं लावलं, त्याला पाठ टेकली आणि पाय रोवून उभी राहिली. “टाका आता.”

मग चिखल ठरू लागला. गुडघ्यापर्यंत आला, कमरेपर्यंत आला. दारापलीकडे खाडी धडका देत होती आणि प्रत्येक धडक तिच्या पाठीत उतरत होती. समोर तिचं हिरवंगार शेत होतं. चिखल छातीला लागला, तेव्हा पाणी थांबलं.

पुरुष सांगतात ती गोष्ट इथे संपते. गोजरीने हसत प्राण दिला आणि ती बांध झाली, असं ते सांगतात. बायकांनी सांगितलेली गोष्ट आणखी थोडी पुढे जाते.

पाणी थांबल्यावर गोजरी म्हणाली, “झाला आता. मना हात द्या.”

तिला ओढून काढलं असतं तर खांड पुन्हा फुटली असती. भरती अजून चढायची होती. हात द्यायला कुणी वाकलं नाही. नाही असंही कुणी म्हणालं नाही. तिने चांग्याला नावाने हाक मारली. चांग्या पाटी भरायला वळला. पाट्या येत राहिल्या.

भात वाचलं. त्या वर्षी गाव पोटभर जेवलं.

मध्ये शहरातून आलेल्या एका बाईने विचारलं, “पण आजी, तिने स्वतःहून बलिदान दिलं ना?”

धाकलीआय म्हणाली, “आत सोताहून गेली, बाय. रायली नाय सोताहून.”

आजही पिठोरी अमावास्येच्या दुपारी गावातले पुरुष चिखलाच्या पाट्या घेऊन फुगवट्यावर ओळीने उभे राहतात आणि एका हाकेसरशी सगळ्या पाट्या एकदम उपड्या करतात. कुणाची पाटी शेवटची ठरू नये म्हणून. बायका बांधावर येतात, चिखलाला हात लावत नाहीत, नुसत्या बघतात. गोजरीच्या डोक्यावर पडलेली शेवटची पाटी कुणाची होती, हे नांदखारने अजून सांगितलेलं नाही.