घराची तीट

चुली-भांडी माणसांशी मोकळेपणानं बोलत, त्या काळची गोष्ट. डोंगरावरच्या एका गवती छपराच्या घरात एक खराटा होता. दर दिवाळीआधी त्याला लांब बांबूला बांधून धुराड्यात घालत, आणि तो आतली काजळी खरवडून काढी.

त्या साली घरात नातू जन्मला आणि आजीनं, हौसाबाईनं, नवीच टूम काढली. "यंदा धुराडं खरवडायचं नाही. ती काजळी म्हणजे माझ्या भरल्या घराला लावलेली तीट आहे. कुणाची दृष्ट लागायला नको."

धुराडं खोकत म्हणालं, "अगं बाई, तीट बोटभर असते. माझा गळा दाटलाय."

खराटा खुंटीवरून कळवळला, "मला एकदा आत जाऊ द्या हो!"

"तू गप रे मेल्या! तुझा जन्मच पुसून टाकण्यात गेला," असं म्हणून हौसाबाईनं त्याला गोठ्यात भिरकावलं.

तिथून तो रोज धूर बघायचा. धूर दिवसेंदिवस बारीक होत गेला.

बारशाच्या दिवशी चूल सकाळपासून धडधडत होती. दुपारी धुराड्यातली काजळीच पेटली. ठिणग्या छपरावर उतरल्या. "मला न्या, मला न्या!" खराटा ओरडत राहिला. पाहुणे घागरी घेऊन धावले, तोवर आढं कोसळलं.

हौसाबाई बाळाला उराशी धरून अंगणात बसली. समोर चारही भिंती आतबाहेर काळ्याठिक्कर उभ्या होत्या. खराट्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. आता खरवडायचं तरी काय?

"बाई," तो हळूच म्हणाला, "आता नाही लागायची कुणाची दृष्ट."