दोन आकड्यांचा धोंडा

साहेब, तुमची ती तिपाई जरा अलीकडे घ्या. यंत्राचं तुम्ही बघा, पण त्या काळ्या धोंड्याला पाय लावायचा नसतो. त्याच्या अंगावर आडव्या रेघा आहेत, त्यांतली सगळ्यात खालची रेघ बंधाऱ्याची मोरी उघडल्याशिवाय दिसत नाही. खैरी नदीचं पाणी आणि नदीचा तळ, दोन्ही या धोंड्याच्या माथ्यापासून मोजतात. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पिंपळदरीची एखादी माहेरवाशीण नावेत उभी राहून दोन आकडे मोठ्याने सांगते, एक पाण्याचा, एक तळाचा. ते दोन्ही ऐकल्याशिवाय खालच्या बंधाऱ्यावर कुणी दगड ठेवत नाही.

मी दगा पाटकरी. बत्तीस वर्षं पाटाचं पाणी सोडलं, आता घरी बसून लोकांच्या चुका काढतो. तुम्ही चार दिवस नदीचे आकडे लिहीत फिरताय, तर ते मोजणं इथे कसं सुरू झालं तेही ऐकून घ्या.

खाली कोसभरावर नांदखेडं. बंधारा त्यांनी बांधला, फार जुन्या काळी. पाणी त्यांच्या उसाच्या फडांना मिळे आणि फुगवटा आमच्या पिंपळदरीच्या दाराशी येई. बंधाऱ्यावर मोजणीचं काम उखा भोयाकडे होतं, त्याच्या बापाकडून आलेलं. त्याची बायको ठगूबाई. ती पिंपळदरीची लेक.

आता मोजणी कशी, तर उखा भिंतीवर उभा राहायचा, गाठी मारलेला दोर सोडायचा आणि भिंतीच्या माथ्यापासून पाणी किती हात खाली आहे ते नांदखेड्याच्या पाटलाला सांगायचा. झाली मोजणी! तळापर्यंत दोर सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. इकडे बंधाऱ्यात पाण्याच्या जागी गाळ भरत चाललेला, त्यामुळे फडांना पाणी कमी पडू लागलं. पाटील म्हणाला, भिंत वाढवा. हातभर उंचीचा थर चढवला. पुढच्या वर्षी मोजलं तर भिंतीपासून पाणी लांब! लांब असणारच, भिंतच वर गेली होती. पण सगळ्यांनी मान डोलावली, पाणी घटलं म्हणाले आणि आणखी एक थर चढवला. असे तीन थर झाले म्हणे. हसू नका, साहेब. शहाणी माणसं होती ती. रोज ज्या भिंतीवरून चालायचं, तीच वर चढतेय हे पटकन ध्यानात येत नाही.

चौथा थर अखजीनंतर चढवायचं ठरलं. दगडही येऊन पडले होते. त्याच अखजीला ठगूबाई माहेरी आली. ऐन उन्हाळ्यात पाणी भावाच्या गोठ्यापर्यंत आलेलं. गायी वरच्या अंगाला बांधल्या होत्या, आणि भावजय चूल कुठे हलवावी या विचारात होती. उन्हाळ्यात हे, तर पावसाळ्यात काय? आणखी एक थर चढला की अख्खी पिंपळदरी बुडणार, हे तिला दिसलं. माहेरवाशिणींसाठी अखजीचा झोका बांधलेला होता, पण ती त्यावर बसली नाही. तशीच नाव काढून सासरी परतली आणि पाटलापुढे उभी राहिली.

लोकांनी काय म्हणावं?

"माहेरनी बाजू लई राहिनी ती."

माहेरची बाजू ती घेतच होती. पण म्हणून खोटं बोलत नव्हती. तिने पाटलाला नावेत बसवलं, उखाला बांबू घ्यायला लावला, आणि नाव या धोंड्याशी आणली. बंधारा पहिल्यांदा तुडुंब भरला त्या वर्षी तिच्या बापाने छिन्नीने इथे पाण्याची रेघ मारली होती. आता पाण्याच्या वर ती रेघ कुठेच दिसत नव्हती.

"पाटील, आठे हात घाला," ती म्हणाली. "मन्हा बापनी रेघ शे."

पाटलाने बाही सारली, कोपर बुडालं तरी काही लागेना. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना रेघ लागली. भर पावसाळ्यातलं पाणी जिथे थांबायचं, त्याच्याही वर उन्हाळ्यातलं पाणी उभं होतं. मग तिने नवऱ्याला बांबू टाकायला सांगितलं. रेघेपासून तळ नऊ हात होता, असं बाप सांगायचा. बांबू रेघेखाली चार हातांवर रुतला, आणि वर काढला तर टोकाला काळा गाळ. उखा त्या गाळाकडे बघत राहिला. पाणी घटलं नव्हतं. तळ वर आला होता, आणि त्याच्यामागे पाणीही.

उपाय एकच होता. भिंतीच्या पायथ्याला मोरी होती, बांधणाऱ्यांनी गाळ वाहून जावा म्हणून ठेवलेली. ती उघडायची. पण उघडली की उन्हाळ्याचं पाणी जाणार, फडातला ऊस वाळणार.  पाटील म्हणाला, ऊस पुन्हा लावता येईल. एवढं मात्र त्या माणसाचं मानलं पाहिजे.

मोरीचं तोंड बंद करणारा लाकडी दट्ट्या गाळात गाडलेला. बुडी मारून तो काढायचा कुणी? पोहणारे बरेच होते, पण उखा पुढे झाला.

"मोजनारा मी व्हतू. मोरी मीच उघाडसू."

ठगूबाईने मोजणीचा दोर त्याच्या कमरेला बांधायला घेतला. त्याने सोडून ठेवला. खाली अंधारात दोर अडकतो, म्हणाला. त्याने बुडी घेतली. थोड्या वेळाने भिंतीच्या पलीकडे आधी काळं पाणी आलं, मग नुसता गाळ. तो लोट तीन दिवस चालला. उखा वर आला नाही.

काही जण सांगतात की तो प्रवाहाच्या उलट वर गेला आणि या धोंड्याशी लागला. पाणी उलटं वाहत नाही, साहेब, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो खाली उसाच्या फडात सापडला, गाळाखाली. पिंपळदरी वाचली. त्या पावसाळ्यात पाणी गोठ्याच्या खाली पाच हातांवर थांबलं. पुढे बांबू ठगूबाईने घेतला आणि मरेपर्यंत मोजणी तिनेच केली, या धोंड्यावरून. माहेर राखलं आणि कुंकू गेलं. मला विचाराल तर ती चुकली नव्हती, पण हे तिला कुणी तोंडावर म्हटलं होतं की नाही, कोण जाणे.

आता मोरीला लोखंडी दार आहे, वरून चाक फिरवलं की उघडतं. बुडी मारायला नको, पायही ओला होत नाही. पण आजही चाक फिरवणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, आणि दुसरं टोक त्याच्या बायकोच्या हातात देतात. बत्तीस वर्षं मी ते चाक फिरवलं. दहा मिनिटांचं काम, कोरड्या भिंतीवर. पोरं हसायची. आमची ही मात्र काम संपलं तरी दोर सोडत नसे, मला तसंच बांधलेलं घरापर्यंत न्यायची.